कामाच्या ठिकाणचे नेतृत्व आणि उद्याचा रोजगार : प्रवरा परिसराचा धडा

कोणत्याही उद्योगाचा इतिहास पाहिला, तर भांडवल, यंत्रे आणि कच्चा माल यांच्याइतकीच आणखी एक गोष्ट निर्णायक ठरलेली दिसते. ती म्हणजे काम करणाऱ्या माणसांना एकत्र ठेवून पुढे नेणारे नेतृत्व. भांडवल कर्जाने मिळते, यंत्रे विकत आणता येतात. नेतृत्व मात्र त्या त्या ठिकाणीच घडवावे लागते. आज यंत्रांचे, इंधनाचे आणि संगणकाचे स्वरूप झपाट्याने बदलत असताना उद्याचा रोजगार कोणता असेल, तो कोणाला मिळेल आणि बदलाच्या काळात माणसांना सांभाळून कोण नेईल, हे प्रश्न प्रत्येक कारखान्यापुढे उभे आहेत.

या प्रश्नांचा अभ्यास करण्यास अहिल्यानगर जिल्ह्यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच आढळेल. २०२४ मध्ये हे नाव धारण करणाऱ्या या पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात एका टोकाला प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालील बारमाही बागायत आहे, तर दुसऱ्या टोकाला पाथर्डी, शेवगाव परिसरातील अवर्षणप्रवण जमीन आहे. एका भागात उसाचे कारखाने उभे राहिले आणि दुसऱ्या भागातून त्या कारखान्यांना ऊसतोडणीचे मनुष्यबळ मिळाले. एकाच जिल्ह्यात उद्योगाचे शिखर आणि पाया अशा दोन्ही बाजू पाहावयास मिळतात.

पाणी आले, पण भाव मिळाला नाही

नगर आणि पुणे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांविरुद्ध केलेला उठाव इतिहासात नमूद आहे. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. परंतु कर्जाचे मूळ कारण कायद्याने दूर झाले नाही. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांनी प्रवरेच्या दोन्ही तीरांवर पाणी पोहोचवले आणि तेथे ऊस डोलू लागला.

तथापि पाणी येणे आणि समृद्धी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा अनुभव शेतकऱ्यांना लवकरच आला. गुऱ्हाळात तयार झालेल्या गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या पेढीवर ठरे. भाव कोसळला म्हणजे बागायतदारही कर्जात जाई. परिसरात खाजगी साखर कारखाने सुरू झाले होते. मात्र त्यांत शेतकऱ्याचे स्थान मालकाचे नव्हते. ऊस पिकवणाऱ्याने साखरेचाही धनी व्हावे, हा विचार या परिस्थितीतून जन्माला आला.

दोन व्यक्ती, एक नेतृत्व

लोणी बुद्रुक येथील विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण अत्यल्प होते. परंतु १९२३ पासून गावातील सहकारी पतपेढीच्या कामात त्यांनी जो अनुभव घेतला, तो पुढे मोलाचा ठरला. बैलगाडीने आणि पायी गावोगाव फिरून त्यांनी भागभांडवल जमविण्याचे काम केले. ज्या शेतकऱ्याने पूर्वी कधी कोणत्याही कंपनीचा भाग घेतला नव्हता, त्याच्याकडून पैसे मिळविणे म्हणजे प्रथम त्याचा विश्वास मिळविणे होते.

या कामात त्यांना अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची साथ लाभली. केंब्रिज येथे शिकलेले गाडगीळ १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. तत्कालीन मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनी या प्रयत्नास पाठबळ दिले. १९४८ च्या अखेरीस कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. त्या वेळी कारखान्याची क्षमता दिवसाला सुमारे ४५० ते ५०० टन उसाचे गाळप करण्याची होती. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा हा आरंभ होय.

नेतृत्वाच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या व्यक्तीने गावोगाव फिरून कारखाना उभा केला, तिने अध्यक्षपद स्वतःकडे घेतले नाही. सुमारे दहा वर्षे गाडगीळ अध्यक्ष आणि विखे पाटील उपाध्यक्ष होते. गाडगीळांचा परिसरातील भाऊबंदकीशी वा गटांशी संबंध नव्हता. त्यामुळे कोणाचा ऊस आधी घ्यावा, कोणास कामावर ठेवावे, यांविषयी त्यांच्या निर्णयावर पक्षपाताचा संशय येण्याचे कारण उरले नाही. उलट विखे पाटलांना प्रत्येक गावाची नाडी ठाऊक होती. हिशेबाचे ज्ञान आणि माणसांची जाण या दोन्ही गोष्टी एका व्यक्तीत क्वचितच एकत्र येतात. त्या दोन व्यक्तींत असतील, तर त्या दोघांनी एकत्र कसे काम करावे, याचा हा वस्तुपाठ होता.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात यंत्रशाळेतील व रसायनशाळेतील जाणकार बाहेरून आणावे लागणे अपरिहार्य होते. पुढे या परिसरातच तांत्रिक मनुष्यबळ तयार व्हावे, यासाठी शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. १९६४ मध्ये प्रवरानगर येथे प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले आणि १९८३ मध्ये लोणी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले. आजच्या नफ्यातून उद्याचा कामगार आणि उद्याचा अभियंता घडविणे, ही दूरदृष्टी नेतृत्वाची खरी खूण मानावी लागेल. विखे पाटील यांना १९६१ मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते.

प्रवरेच्या पाठोपाठ कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, नेवासे, श्रीगोंदे, अकोले अशा तालुक्यांतून सहकारी कारखाने उभे राहिले. यशाबरोबर दोषही आले. काही ठिकाणी गरजेपेक्षा अधिक नोकरभरती झाली, काही ठिकाणी विस्तारासाठी काढलेले कर्ज पेलले नाही, तर काही ठिकाणी संस्थेचे नेतृत्व एका वर्तुळातच फिरत राहिले. राज्यात अनेक सहकारी कारखाने भाडेपट्ट्याने द्यावे लागले वा विकले गेले. संस्थापकांची पुण्याई पुढील पिढीस आपोआप मिळत नाही, हाच त्याचा अर्थ.

कारखान्यातील चोवीस तास

अध्यक्ष व संचालक मंडळ यांच्या निर्णयांची चर्चा वृत्तपत्रांतून होते. परंतु कामाच्या ठिकाणचे नेतृत्व तेवढ्यावर संपत नाही. साखर कारखाना हंगामात अहोरात्र चालतो. तीन पाळ्यांत काम होते. गव्हाणीत ऊस पडल्यापासून साखरेचे पोते शिवले जाईपर्यंत गिरणी, बॉयलर, पॅन, सेंट्रिफ्यूगल असे विभाग एकमेकांवर अवलंबून असतात. एका विभागातील खोळंबा काही वेळातच सर्व कारखान्याचा खोळंबा होतो.

तोडलेल्या उसातील साखर वेळेबरोबर कमी होत जाते. म्हणून शक्यतो २४ तासांच्या आत त्याचे गाळप व्हावे लागते. १०० किलो उसापासून जितके किलो साखर मिळते, त्यास उतारा म्हणतात. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यास ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. म्हणजे उताऱ्याच्या एक दशांश टक्क्यामागे शेतकऱ्याच्या टनभर उसाची किंमत सुमारे ३४ रुपये ६० पैशांनी बदलते. रात्रपाळीत एखादा वाहक पट्टा अडकला आणि फोरमनने तो तातडीने सुरू करून घेतला, तर त्याचा लाभ अखेर सभासदाच्या बिलात दिसतो.

अशा वेळी फोरमनला हुकूम देऊन काम होत नाही. कोणता फिटर कोणत्या यंत्राचा आवाज ओळखतो, कोणाला सलग दोन पाळ्या झाल्या आहेत, कोणता नवा मुलगा बॉयलरजवळ एकटा सोडू नये, हे त्यास ठाऊक असावे लागते. चूक दडवून ठेवण्यापेक्षा ती लगेच सांगितलेली बरी, असे वातावरण ज्या पाळीत असते, तेथे अपघात कमी होतात आणि यंत्रेही टिकतात.

साखर उद्योगातील कामगारांच्या वेतनासाठी केंद्र सरकारने १९५७ मध्ये वेतन मंडळ नेमले होते. महाराष्ट्रात पुढे शासन, कारखाने आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्ष समितीतून वेतनाचे करार होत आले. हंगामी कामगारास बंद हंगामात ठराविक भत्ता देण्याची पद्धतही या उद्योगात रूढ झाली. कामगार पुढील हंगामास परत यावा आणि त्याचे कौशल्य वाया जाऊ नये, हा त्यामागील हेतू होय. उद्याच्या रोजगाराचा विचार करताना या पद्धतीकडे पुन्हा लक्ष देणे उपयुक्त ठरेल.

फडातील नेतृत्व

कारखान्याच्या आवारात वेतनश्रेणी, सेवापुस्तक आणि संघटना आहे. आवाराबाहेर उसाच्या फडात मात्र वेगळी व्यवस्था दिसते. पती-पत्नीच्या जोडीस तेथे 'कोयता' म्हणतात. अशा अनेक कोयत्यांची टोळी होते आणि टोळीचा प्रमुख मुकादम असतो. हंगामापूर्वी मुकादमामार्फत मजुरास उचल मिळते आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती फेडली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातून निघालेली कुटुंबे उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहतात. मुलांचे शिक्षण, स्त्रियांचे आरोग्य, पिण्याचे पाणी हे सर्व प्रश्न त्यांच्याबरोबर स्थलांतर करतात.

मुकादम हा कोणत्याही कारखान्याच्या पदांच्या यादीत नसतो. तथापि टोळीच्या दृष्टीने मजुरी, उचल, आजारपण आणि घरी परतण्याचा दिवस या बाबी त्याच्याच हाती असतात. चांगला मुकादम टोळीस सांभाळतो. उचल घेऊन टोळी न आल्यास तोही कर्जात बुडतो. मात्र हिशेब तोंडी असेल, तर मजुराने किती टन तोडले आणि किती फेडले, हे त्यास कधीच कळत नाही. ज्या नेतृत्वास उत्तरदायित्व नाही, ते चांगल्या व्यक्तीच्या हाती असले तरी अपुरेच असते.

या वर्गासाठी शासनाने लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही सुरू करण्यात आली. पालक फडावर गेले तरी मुलाचे नाव शाळेच्या पटावर टिकावे, या दृष्टीने वसतिगृहाचे महत्त्व मोठे आहे. उद्याचा रोजगार ज्या शिक्षणावर अवलंबून आहे, त्याचा पहिला दरवाजा हाच होय.

उद्याचे प्रवाह

साखर उद्योगात आणि एकूण जिल्ह्याच्या औद्योगिक जीवनात पुढील बदल स्पष्ट दिसतात.

पहिला बदल उत्पादनाचा. साखर हे आता कारखान्याचे एकमेव उत्पादन राहिलेले नाही. भुशापासून वीज आणि मळीपासून व रसापासून इथेनॉल तयार होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. त्यामुळे आसवनी, विद्युत आणि उपकरण विभागांत नवे तंत्रज्ञ लागतात. परंतु या वाटेवर चढउतारही आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविले. ज्या संचालक मंडळाने सर्व गुंतवणूक एकाच उत्पादनावर केली असेल, त्यास असा काळ कठीण जातो.

दुसरा बदल ऊसतोडणी यंत्राचा. एक कोयता दिवसभरात साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो. यंत्र अनुकूल फडात शंभर टनांच्या आसपास ऊस तोडू शकते. म्हणजे एक यंत्र पन्नासहून अधिक कोयत्यांचे, अर्थात शंभराहून अधिक माणसांचे काम करते. चालक, मदतनीस आणि ट्रॅक्टरचालक धरले, तरी यंत्रामागे लागणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असतात. राज्यात यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान देण्याची योजना २०२३ मध्ये राबविण्यात आली. तोडणी मजुरांची टंचाई आणि हे काम करण्याविषयी नव्या पिढीची अनिच्छा पाहता यंत्रांची संख्या वाढत जाईल.

मात्र हा बदल एका रात्रीत होणारा नाही. यंत्रासाठी दोन सरींतील अंतर साडेचार ते पाच फूट लागते. लहान, आडव्यातिडव्या वा ओलाव्याच्या शेतात ते चालविणे अवघड जाते. अशा फडांत कोयता काही काळ राहणारच. हा मधला काळ वापरून घेणे, ही नेतृत्वाची कसोटी आहे.

तिसरा बदल माहितीचा. लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, वजनकाटा आणि बिल ही कामे संगणकावर आली आहेत. राज्य शासनाने २०२५ मध्ये कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी २०२५ ते २०२९ या कालावधीचे धोरण मंजूर केले. उपग्रहाच्या चित्रांवरून उसाची पक्वता आणि पाण्याची गरज समजू लागल्यास शेतकी विभागातील कर्मचाऱ्याच्या कामाचे स्वरूप बदलेल. वहीत नोंद करणारा चिटबॉय उद्या शेतकऱ्यास सल्ला देणारा सहायक होऊ शकेल; पण त्यास तसे शिकविले तरच. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ या जिल्ह्यातच आहे, ही मोठी जमेची बाजू होय.

चौथा बदल यंत्रोद्योगाचा. हस्तीमल फिरोदिया यांनी स्थापन केलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ मध्ये बाजारात आली आणि नगरचे नाव घरोघर पोहोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी दुचाकी आली. पेट्रोलच्या इंजिनात कार्बोरेटर असे, पिस्टन असे. विजेच्या वाहनात बॅटरी, मोटर आणि नियंत्रक असतो. नाव तेच राहिले तरी कामगाराच्या हातातील कसब बदलले. सुपे येथील औद्योगिक वसाहत आणि नगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांमुळे या नव्या कसबास जिल्ह्यात वाव आहे.

नेतृत्वाने काय करावे

या अभ्यासातून काही धडे निघतात. ते साखर कारखान्यापुरते मर्यादित नाहीत.

१. बदलाची सूचना वेळेवर द्यावी. पुढील हंगामात किती क्षेत्र यंत्राने तोडले जाणार, हे कारखान्याने टोळ्यांना उचल वाटण्यापूर्वी सांगितले, तर मजूर कुटुंबास दुसरा विचार करण्यास अवधी मिळतो.

२. यंत्राची मालकी आणि यंत्राचे प्रशिक्षण यांत आजच्या कामगारास स्थान असावे. फडाची जितकी ओळख तोडणी कामगारास आहे, तितकी इतरांस नाही. त्याच्या मुलामुलींना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ट्रॅक्टर, हायड्रॉलिक आणि विद्युत दुरुस्तीचे शिक्षण मिळाल्यास यंत्र त्या घराचे वैरी ठरणार नाही. कामगारांच्या गटांनी सहकारी तत्त्वावर यंत्र चालविण्याचा विचारही करण्याजोगा आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी कारखान्याचा मालक झाला, तेथे तोडणी कामगार यंत्राचा भागीदार होणे अशक्य मानू नये.

३. बंद हंगाम हा शिक्षणाचा हंगाम व्हावा. हंगामी कामगारास मिळणाऱ्या भत्त्याच्या जोडीला नव्या कामाचे प्रशिक्षण दिल्यास कारखान्यास बाहेरून माणसे आणण्याची गरज कमी होईल.

४. हिशेब उघडा असावा. काट्यावरील वजन, मजुरी आणि उचलीची फेड यांची नोंद मजुराच्या हाती पडली पाहिजे. ज्या संगणकाने शेतकऱ्याचे बिल तयार होते, त्यानेच कोयत्याचेही बिल देता येईल.

५. उत्तराधिकारी घडवावेत. फोरमन निवृत्त होण्यापूर्वी त्याचे कसब दुसऱ्याच्या हाती जावे. अध्यक्ष पायउतार होण्यापूर्वी त्याच्या तोडीची माणसे मंडळात तयार असावीत.

समारोप

प्रवरेच्या काठी पहिला कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकरी कारखाना चालवू शकेल काय, अशी शंका घेतली जात होती. ती शंका शेतकऱ्यांनी स्वतःच्या कामाने दूर केली. त्या वेळी नेतृत्वाने शेतकऱ्याची कुवत ओळखली आणि त्या कुवतीस ज्ञानाची जोड दिली. आज तशीच शंका तोडणी कामगाराविषयी, हंगामी मजुराविषयी आणि लहान गावातील तरुण-तरुणींविषयी घेतली जाते.

यंत्रे येतील, इंधने बदलतील, काही जुनी कामे संपतील आणि काही नवी सुरू होतील. हा क्रम कोणासही थांबविता येणार नाही. परंतु जुने काम संपण्याच्या आत नवे काम शिकण्याची संधी ज्या ठिकाणी मिळेल, तेथे बदलाचे भय राहणार नाही. ती संधी निर्माण करणे हे अध्यक्षांपासून पाळीच्या फोरमनपर्यंत आणि शेतकी अधिकाऱ्यापासून टोळीच्या मुकादमापर्यंत सर्वांचे काम आहे. जिल्ह्यातील पुढील हंगामांचे यशापयश साखरेच्या पोत्यांबरोबर या कामावरूनही मोजले जावे, हे इष्ट होय.